सगळ्यावर पाणी सोडलेला माळी

बार्शीटाकळीच्या लोकांनी चंद्रभान माळ्याला 'बसक्या' म्हणायला सुरुवात केली ती चेष्टेनं, पण पुढं पुढं त्यात थोडा मानही मिसळला. रोज तांबडं फुटायच्या सुमाराला हा गडी विहिरीच्या थारोळ्यावर, म्हणजे मोटेचं पाणी जिथं ओततात त्या दगडी कुंडाच्या काठावर, मांडी घालून बसायचा. हातात माळ नाही, तोंडात नाव नाही, समोर देव नाही. डोळे मिटलेले आणि सगळं ध्यान नाकाच्या शेंड्यावर. कोणी विचारलं तर सांगायचा, श्वास येतो तो बघतो, जातो तो बघतो. आता श्वास ही काय बघायची गोष्ट झाली? तो तर म्हशीचाही येतो-जातो. पण गावाच्या पदरी असं एखादं खूळ असलं की गावाला बरंच वाटतं, पाहुण्यारावळ्यांना दाखवता येतं.

हे खूळ त्यानं ब्रह्मदेशातून आणलं होतं. तरुणपणी तो कामठीच्या छावणीत एका गोऱ्या डॉक्टरच्या बंगल्यावर माळीकाम करायचा. पलटण लढाईसाठी समुद्रापार निघाली, तेव्हा आजाऱ्यांना ताजी भाजी मिळावी म्हणून डॉक्टरनं त्यालाही बरोबर घेतलं. समुद्र ओलांडला की जात बाटते, असं भाऊबंदांनी बजावलं. पण घरी नुकताच आठ महिन्यांचा मुलगा गेला होता आणि चंद्रभानला त्या घरापासून लांब कुठंही चाललं असतं. तीन वर्षांची रुख्मिणी आणि बायको गोदाबाई यांना मागं ठेवून तो निघाला. मूल गोदाबाईचंही गेलं होतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

तिकडं त्याला ताप भरला. पलटण पुढं गेली आणि हा एका मठात पडून राहिला. तिथं पिवळ्या वस्त्रांतले, डोकं भादरलेले साधू होते, त्यांना तिकडचे लोक फुंगी म्हणत. मठात एक मोठी मूर्ती होती, बुद्धाची. शेजारी बायको नाही, हातात हत्यार नाही, बसायला वाहन नाही. नुसता खाली नजर लावून बसलेला माणूस. चंद्रभानला ती आधी अपुरीच वाटली, कारागीर काम टाकून जेवायला गेला असेल असं वाटलं. एका म्हाताऱ्या फुंगीनं त्याला पेज पाजली, अंग पुसलं, आणि ताप उतरल्यावर समोर बसवून स्वतःचं बोट स्वतःच्या नाकाखाली धरलं. भाषा येत नव्हती, त्यामुळं शिकवणी बोटावरच झाली. मेलेला मुलगा मनात यायचा, चंद्रभानला हुंदका फुटायचा, आणि म्हातारा नाकाखाली बोट धरायचा. असे तीन-चार महिने गेल्यावर एके दिवशी मुलगा आठवला, छातीत दुखलं, आणि ते दुखणं जसं उठलं तसं आपसूक बसलं. चंद्रभान थक्क होऊन बसून राहिला. आयुष्यात त्याला मिळालेली सगळ्यांत मोठी चीज ती हीच, आणि ती खोटी नव्हती. पुढं जे झालं त्याचा दोष त्या म्हाताऱ्याला कोणी देऊ नये.

गफलत झाली ती दुसऱ्याच गोष्टीत. रोज गावातल्या बाया मठात भात आणून देत. ते झालं की फुंगी काहीतरी पुटपुटत वाटीतलं पाणी थेंब थेंब जमिनीवर ओतायचा. हे काय करतो, असं चंद्रभाननं देवीदासला विचारलं. देवीदास भोई हा कामठीचाच डोलीवाला, आजाऱ्यांना खांद्यावरून वाहणारा. तिकडच्या एका बाईशी त्यानं घर केलं होतं, त्यामुळं त्याला भाषा थोडीफार येत होती. तो डोली उचलायच्या घाईत होता. जाता जाता त्यानं उत्तर फेकलं आणि चंद्रभानच्या कानात ते असं पडलं:

"सगळ्यावर पानी सोडते थो."

पाणी सोडणं म्हणजे काय, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. दान देताना हातावरून पाणी सोडलं की त्या वस्तूवरचा हक्क सरला. ज्यावर पाणी सोडलं ते गेलंच धरायचं. चंद्रभानला वाटलं, घबाड सापडलं. श्वास बघायचा आणि सगळ्यावर पाणी सोडायचं, सुखाची वाट एवढीच. ती घेऊन तो तीन वर्षांनी घरी आला.

रुख्मिणी तेव्हा सहा वर्षांची. बापाला तिनं ओळखलं नाही, पण चारच दिवसांत ती थारोळ्यावर त्याच्या शेजारी येऊन बसू लागली. नाक दोन बोटांत धरायची, गाल फुगवायची आणि मग विचारायची, दिसला काय बाबा श्वास? त्याला हसू यायचं. ते हसू त्यानं कधी बघून बघून विझवलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच पाहिजे.

मग सात समुद्रांपलीकडं कुठं गोऱ्यांचं गोऱ्यांशी वाजलं, विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इकडं वऱ्हाडात कापसाचे भाव आभाळाला टेकले. शहाणीसुरती माणसं बावचळली. ज्वारीची वावरं मोडून कापूस, गुरांच्या कुरणात कापूस, मसणवटीच्या कडेला कापूस. खायला ज्वारी दुसऱ्याच्या गावाहून आणायची आणि तीही मिळेल तेव्हा. चंद्रभानचा धाकटा भाऊ सहदेव एका सकाळी आला आणि म्हणाला, मळ्याची पूर्वेच्या अंगाची पट्टी मला दे, कापूस लावतो. त्या पट्टीत गोदाबाईची वांगी होती, पालक होता, झेंडू होता. नवरा ब्रह्मदेशात बसायला शिकत होता तेव्हा तीन वर्षं तिनं एकटीनं तिथं वाफे घातले होते. चंद्रभाननं तांब्या उचलला आणि भावाच्या हातावर पाणी सोडलं. सहदेवलाही इतक्या सोप्या कामाची सवय नव्हती, तो गांगरून गेला. गोदाबाईनं त्या दिवशी चूल पेटवली नाही.

गावात मात्र नाव झालं. आख्खं वऱ्हाड हावरं झालंय आणि हा बघा, हातचं सोडून बसला. बसक्याचा 'बसकेबुवा' झाला. लोक बुवा म्हणतात हे चंद्रभानला आवडायचं, आणि आवडतं ते मात्र त्यानं कधी श्वासासारखं निरखलं नाही.

रुख्मिणीचं लग्न त्याआधीच झालं होतं, अकोल्याच्या नत्थुजी फुलमाळ्याच्या मुलाशी. जठारपेठेच्या अंगाला नत्थुजीची फुलबाग होती. माणूस वाईट नव्हता. देवळांना हार पुरवायचा आणि मोगऱ्याच्या कळ्या मोजताना अभंग म्हणायचा. पण कापसानं त्यालाही झपाटलं. मोगरा उपटून त्यानं तिथं लांबलचक छप्पर घातलं आणि छपराखाली आठ रेचे मांडले. रेचा म्हणजे कापसातली सरकी काढायची लाकडी घाणी. लाटण्यासारख्या दोन रुळांमध्ये कापूस सारायचा आणि हातानं दांडा फिरवत राहायचं. मुलगा रुईच्या गाड्या घेऊन आगगाडी जिथवर आली होती तिथवर जायचा, आणि पहिल्या रेच्यावर घरची सून बसायची. सून बसली की भाड्यानं आणलेल्या बायांना उठता येत नसे.

पौषात, संक्रांतीच्या आधी, रुख्मिणी एका रिकाम्या परतीच्या गाडीतून बार्शीटाकळीला आली. सोळावं वर्ष चालू होतं. केसांत रुई, भुवयांवर रुई. गोदाबाईला दारात क्षणभर वाटलं, पोर म्हातारी होऊनच आली. तिनं तिला न्हाऊ घातलं. डोक्यातली रुई गेली, पण छातीतली कशी जाणार? खोकला लागला की ती भिंत धरायची आणि खोकून झालं की पदराचं टोक मुठीत दडवायची. त्या टोकावर काय होतं ते गोदाबाईनं दुसऱ्याच दिवशी धुताना पाहिलं.

पोरगी गाऱ्हाणं करणारी नव्हती. तीन दिवस तिनं मळ्यात निंदण केलं. विहिरीजवळ एक वाफा रिकामा होता, तो तिनं भुसभुशीत केला आणि त्यात मिरचीची रोपं लावली, हातभर अंतरावर, ओळ न चुकवता. चौथ्या दिवशी सकाळी चंद्रभान बसून उठला तेव्हा ती थारोळ्याजवळ उभी होती.

"बाबा, हंगाम सरेपर्यंत मले इथंच राहू द्या," ती म्हणाली. "तिकडं श्वास नाई पुरत मले."

श्वासाचं नाव तिनं काढलं, ते चंद्रभानच्या काळजात गेलं. छातीत आग पेटली. त्याच क्षणी तो बोलला असता तर 'राहा' म्हणाला असता, यात मला तिळमात्र शंका नाही. पण त्याला एवढ्या वर्षांची सवय. तो पुन्हा डोळे मिटून बसला आणि त्या आगीकडं बघत राहिला. आग वाढली, थांबली, उतरली. शेवटी अगदी निवली, आणि आपल्याला हे जमलं याचा त्याला आनंद झाला. ज्या आगीनं पोर वाचायची ती त्यानं अशी बसल्या जागी विझवली आणि तोंडावर थंडगार हसू घेऊन उठला.

"पोरी, लग्नात तुह्या हातावर पानी सोडलं म्या," तो म्हणाला. "आता तुह्यावर माहा हक्क नाई. त्याहीनं ठेवलं तसं राहाव."

गोदाबाई मोटेच्या दोराशी उभी राहून ऐकत होती. तिनं हातातला दोर टाकला.

"हक्क सरते," ती म्हणाली. "माया कुठं सरते?"

तो तसाच हसत राहिला. ते हसणं गोदाबाईनं पुढं कधी माफ केलं नाही.

रुख्मिणीनं वाद घातला नाही. दुपारी अकोल्याला जाणारी गाडी मिळाली. आईनं तीळ बांधून दिले, ते तिनं मांडीवर घेतले. गाडी हलली तेव्हा ती मागं वळून म्हणाली, "बाबा, माह्या मिरचीले पानी सोडत जाजा." चंद्रभाननं मान डोलावली. गाडी ओढ्यात उतरेपर्यंत तिचा खोकला ऐकू येत होता, मग तो ऐकू येईनासा झाला.

माघ सरता सरता नत्थुजी आला. डोक्याला पागोटं नव्हतं. तो ओसरीच्या खाली मातीतच बसला आणि त्याला काही विचारायची गरज उरली नाही. तीन दिवसांमागं रेच्यावरच तिला रक्ताची उलटी झाली होती, ती थांबली नाही. निरोप धाडायला गाडी नव्हती, सगळ्या गाड्या कापसात गुंतलेल्या. अग्नी देऊन तो स्वतःच चालत निघाला होता. आधी तो आपली बाजू सांगत राहिला, मग ते त्यालाच नकोसं झालं.

"म्या म्हटलं होतं तिले, चार-आठ दिवस मायजवळ जाय म्हणून," तो म्हणाला. "थे म्हने, माह्या बापानं माह्यावर पानी सोडलं. आता कुठं जाऊ?"

गोदाबाई रडली नाही. ती आत गेली आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलायची बंद झाली. भाकरी समोर ठेवायची, पाणी ठेवायची, शब्द नाही. विहिरीजवळच्या मिरचीला तोवर तीच पाणी देत होती, तेही तिनं थांबवलं. फाल्गुनात रोपं माना टाकून वाळली. चंद्रभाननं ती वाळताना रोज पाहिली, कारण वाफा थारोळ्याच्या समोरच होता.

तो बसायचा, पण बसता येत नव्हतं. श्वास आत घेतला की बाहेर पडताना कानात खोकला ऐकू यायचा. तेव्हा मुलाचं दुखणं उठायचं आणि बसायचं. हे उठायचं आणि उठतच राहायचं. बसणं सोडून दिलं तर हात रिकामे, आणि रिकाम्या हातांना ती पोर जड. महिनाभर असं काढल्यावर त्याच्या मनानं घेतलं की म्हाताऱ्यानं पुढचंही काहीतरी सांगितलं असणार, आपल्यापर्यंत ते पोचलं नाही. विचारायचं तर एकच माणूस. देवीदास अमरावतीला कापसाच्या गंजीवर हमाली करतो, असं त्यानं गाडीवानांकडून ऐकलं होतं. चैत्राच्या उन्हात तो पायी निघाला.

अमरावतीला पोचायला त्याला सहा दिवस लागले. पेठेत कापसाच्या गाठी रस्त्यावर रचलेल्या होत्या आणि त्यांना कोणी हात लावत नव्हतं. तिकडची लढाई मिटली होती, भाव कोसळले होते, आणि कालपरवापर्यंत मिशांना तूप लावणारी माणसं गाठींना पाठ टेकून शून्यात बघत होती. देवीदास एका गंजीच्या सावलीत सापडला. म्हातारा झाला होता, खांदा एका बाजूनं खचला होता. त्यानं चंद्रभानला ओळखलं, गूळ दिला, पाणी दिलं. चंद्रभाननं त्याला सगळं सांगितलं. बसणं, पट्टी, लग्न, रेचा, सगळं. मग विचारलं की सगळ्यावर पाणी सोडल्यावर पुढं काय करायचं असतं, म्हातारा काय म्हणत होता?

देवीदास सरकून त्याच्या समोर बसला.

"सगळ्यावर?" तो म्हणाला. "वर नाई म्हटलं रे म्या. सगळ्याइले म्हटलं. सगळ्याइले पानी सोडते थो."

सगळ्याइले, म्हणजे सगळ्यांना. चंद्रभानला आधी फरक कळलाच नाही. मग देवीदासनं त्याला थांबत थांबत समजावलं. बसून जे पुण्य पदरी पडलं, जे सुख भेटलं, ते फुंगी रोज वाटून टाकत होता. मायबापाला पोचो, मेलेल्यांना पोचो, भात आणणाऱ्या बायांना पोचो, मुंगीला पोचो, असं म्हणत एकेक थेंब सोडत होता. टाकून द्यायचं नव्हतं काही, पोचवायचं होतं. तू माळी माणूस, देवीदास म्हणाला, वाफ्याला पाणी सोडतो तेव्हा काय वाफा टाकून देतो?

चंद्रभान म्हणाला, तू 'वर'च म्हटलं होतं. देवीदास म्हणाला, असेलही, घाईत होतो, डोलीत माणूस मरत होता, बारा वर्षं झाली. कोणाची जीभ घसरली की कोणाचा कान, हे आता ठरवायला तिसरा माणूस नव्हता. पण चंद्रभानला एक गोष्ट आठवली आणि तो गाठीला धरून खाली बसला. गाडीतून वळून पोरगी काय म्हणाली होती? माह्या मिरचीले. तोच 'ले' तिनं त्याच्या कानात घालून दिला होता, तोंडासमोर, दिवसाढवळ्या, आणि त्यानं मान डोलावली होती.

"बसून भेटलेलं तू एकट्यानंच खाल्लं, चंद्रभान," देवीदास म्हणाला. ते त्यानं रागानं म्हटलं नाही, आणि म्हणूनच चंद्रभानला ते सोसवलं नाही. तो गंजीत तोंड खुपसून रडला. नाकातोंडात रुई गेली, ठसका लागला, आणि त्या ठसक्यानं त्याला आणखीच रडू आलं.

परत यायला त्याला आठ दिवस लागले. पोचला तेव्हा दिवस वर आला होता. तो घरात गेलाच नाही, थारोळ्यावर बसलाही नाही. बैल जुंपून त्यानं मोट सुरू केली. विहीर खोल गेली होती, प्रत्येक मोट अर्धीच भरून यायची. पाटाचं तोंड त्यानं मिरचीच्या वाफ्याकडं वळवलं. वाळक्या काड्यांच्या ओळी तिथं तशाच उभ्या होत्या, हातभर अंतरावर, एकही ओळ न चुकलेली. तडकलेली जमीन पाणी पीत राहिली. पलीकडं राहिलेल्या पट्टीत गोदाबाईनं नव्यानं लावलेली वांगी उन्हानं मलूल झाली होती.

गोदाबाई आली आणि बांधावर उभी राहिली. उन्हाळ्यातलं पाणी, विहिरीचा तळ दिसतोय, आणि हा मेलेल्या काड्यांना पाजतोय. शेवटी दोन महिन्यांत पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली.

"कोनाले पानी सोडून राहिले?" तिनं विचारलं. "वाळली थे."

"रुख्मीले," तो म्हणाला.

पाणी वाफ्याच्या शेवटच्या काडीपर्यंत जाईतोवर गोदाबाई थांबली. मग तिनं फावडं उचललं, दोन घाव घालून पाटाचा बांध फोडला आणि वांग्यांच्या बाजूला वाट केली.

"तिले पोचलं असन," ती म्हणाली. "आता वांग्याले येऊ द्या."

तो बैलांमागं गेला आणि दुपारपर्यंत मोट हाकत राहिला.